दोन कंपन्यांची गाडी

सोमवारी सकाळी सव्वासात वाजता काकासाहेबांनी नेहमीप्रमाणे गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल आणून थांबवली. वैजनाथराव धारूरकर डब्याची पिशवी खांद्याला अडकवून उभेच होते. पण बसायच्या ऐवजी ते मागच्या चाकापाशी गेले आणि वाकून बघत राहिले.

“मागचा टायर नवा टाकला वाटतं,” ते म्हणाले.

“व्हय. शनिवारी टाकला. पार गुळगुळीत झाला होता, आठ दिवसांत दोनदा पंक्चर.”

“पण हा वेगळ्या कंपनीचा दिसतो.”

“लतीफभाईकडं त्या कंपनीचा माल नव्हता. ह्यो बी चांगलाय म्हणला.”

वैजनाथराव पुढच्या चाकापाशी गेले, तिथलं नाव वाचलं, आणि चष्मा काढून पुसला. “पुढं ‘सारथी’, मागं ‘गजमुद्रा’.”

“व्हय. मग?”

“मग मला बसता येणार नाही, काकासाहेब.”

काकासाहेबांना आधी ही थट्टा वाटली. नऊ वर्षं हे दोघं एकाच गाडीवर चितेगावच्या कंपनीत जात होते. कंपनी औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवायची. काकासाहेब सोनवणे तिथं मशीनवर होते, वैजनाथराव टाइम ऑफिसात हजेरीवर. काकासाहेब मूळचे सोयगावकडचे, तिकडं भावाची केळीची बाग. वैजनाथरावांच्या घरी तीन पिढ्या कारकुनी. गाडी घेतली तेव्हापासून मागच्या सीटवर वैजनाथरावच बसत आले होते. क्रांती चौकापासून स्टेशन, तिथून पैठण रोडनं कांचनवाडी, नक्षत्रवाडी, आणि पुढे चितेगावपर्यंत दोघांच्या गप्पा अखंड चालत. पुढचा बोलला की मागच्याला अर्धं ऐकू येई, मागचा बोलला की पुढच्याला तेवढंही नाही. तरी नऊ वर्षांत एकदाही कुणी “काय म्हणालात?” असं विचारलं नव्हतं.

“रबर ते रबर,” काकासाहेब म्हणाले. “ह्याचं काय अन् त्याचं काय.”

“असं नाही. गाडीबरोबर जे पुस्तक मिळालं होतं ना, त्यात पान एकतीसवर दिलंय. पुढचा आणि मागचा टायर एकाच कंपनीचा, एकाच नक्षीचा असावा. नाहीतर ओल्या रस्त्यावर एक धरतो आणि एक सोडतो.”

“रस्ता कुठं ओलाय?”

“तत्त्वाचा प्रश्न आहे.” वैजनाथरावांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. “मी बसनं येतो. तुम्ही निघा, उशीर होईल.”

ते पुस्तक काकासाहेबांनी कधी उघडलंही नव्हतं. गाडी घेतली त्याच दिवशी वैजनाथरावांनी ते वाचायला नेलं होतं आणि दोन दिवसांनी खाकी कव्हर घालून परत आणून दिलं होतं. काकासाहेबांनी क्षणभर वाट पाहिली, किक मारली आणि निघाले.

गाडी त्या दिवशी गाडीसारखी चालेना. मागे वजन नसल्यामुळे प्रत्येक खड्ड्यात ती उडी मारायची. स्टेशनचा पूल उतरल्यावर काकासाहेब सवयीनं म्हणाले, “भाऊचं पत्र आलं. औंदा केळीवर करपा पडलाय.” मागून काही हुंकार आला नाही. शेजारून चाललेल्या सायकलवाल्यानं मात्र त्यांच्याकडे वळून पाहिलं. वाटेत त्यांनी नाराजीची चार वाक्यं मनात तयार केली, आणि ती ऐकवायला मागे कुणी नाही हे लक्षात आल्यावर त्यांची नाराजी आणखी वाढली.

वैजनाथरावांची बस तिकडं वीस मिनिटं उशिरा पोचली. कंपनीत उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे लाल शाईनं खूण करायचं काम त्यांचंच होतं. त्यांनी खुर्चीवर बसून हजेरीपुस्तक उघडलं, लाल पेन काढलं आणि स्वतःच्या नावापुढे खूण केली. नेमके त्याच वेळी मॅनेजरसाहेब टाइम ऑफिसात शिरले.

“धारूरकर, तुम्हाला लेटमार्क? सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बघतोय. तब्येत बरी आहे ना?”

“तब्येत उत्तम आहे, सर,” वैजनाथराव घाईनं म्हणाले. “ते सोनवण्यांच्या गाडीचे टायर दोन वेगळ्या कंपन्यांचे निघाले, म्हणून बसनं आलो.”

“मग त्यानं काय होतं?”

वैजनाथरावांना पान एकतीस सांगावं लागलं. एकदा सांगायला लागल्यावर ते चांगलंच सांगत. पुढच्या टायरच्या नाल्या, मागच्या टायरच्या नाल्या, वळणावर गाडी कशी ओढते, ब्रेक कसा दगा देतो. मॅनेजरसाहेब उभे होते ते बसले. त्या आठवड्यात सुरक्षा सप्ताह होता, आणि पुण्याच्या मुख्य ऑफिसला या वर्षी नवीन काय केलं म्हणून कळवायचं, या विवंचनेत ते चार दिवस होते. दर वर्षी वाळूच्या बादल्यांना लाल रंग दिला, एवढंच कळवलं जायचं.

“धारूरकर,” ते म्हणाले, “हे कुणी केलेलं नाही.”

दुपारी हुकूम निघाला. टाइप करायला तो वैजनाथरावांकडेच आला. बुधवारपासून पुढील व मागील टायर एकाच कंपनीचे नसलेल्या कोणत्याही वाहनास कारखान्याच्या आवारात प्रवेश मिळणार नाही. खाली मॅनेजरसाहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, “अपवाद नाही.” वैजनाथरावांनी ते दोन शब्द टाइप करताना दोनदा चूक केली. सगळ्यांना ठाऊक होतं की ते कधी चूक करत नाहीत. हुकूम सूचनाफलकावर लागला आणि त्याची प्रत फॅक्सनं पुण्याला गेली.

फाटकावर फकिरा होता. बारा वर्षांच्या नोकरीत त्यानं सांगितलेलं काम तंतोतंत केलं होतं, कमी नाही आणि जास्त नाही. टायरवरची अक्षरं काळ्यावर काळी असतात, ती उमटत नाहीत, हे त्यानं मंगळवारीच बघून ठेवलं आणि घरून पांढरा खडू आणला. खडू आडवा फिरवला की नाव उठून दिसे. बुधवारी सकाळी पावणेआठला तो एक खडू कानावर आणि एक हातात घेऊन फाटकात बसला.

कंपनीत त्रेसष्ट दुचाक्या यायच्या. त्यांतल्या अकरा आत गेल्या. उरलेल्या बाहेर, पैठण रोडच्या कडेला, एकमेकींना टेकून उभ्या राहिल्या. काकासाहेबांचीही त्यांतच होती.

“फकिरा, माझी गाडी रोज बघतोस तू,” काकासाहेब म्हणाले.

“रोज बघतो म्हणूनच सांगायलोय. पुढं सारथी, मागं गजमुद्रा. भाईर लावा.”

त्यानंतर प्लास्टिकच्या दाण्यांचा ट्रक आला. फकिरानं सगळी चाकं तपासली. वाकून वाकून त्याची कंबर धरली, पण त्यानं मधलंही चाक सोडलं नाही.

“धा टायर, सा कंपन्या,” त्यानं ड्रायव्हरला सांगितलं. “एकावर तर नावच नाय, घासून गेलंय. त्याला काय लिवू?”

ड्रायव्हर म्हणाला, “मामू, क्या बात करते? मला खाली करून जालन्याला जायचंय.”

“वाहन म्हणलंय हुकुमात. ह्ये वाहन हाय का नाय?”

ट्रक फाटकासमोर आडवा उभा राहिला. त्याच्या मागे थोड्या वेळानं मॅनेजरसाहेबांची मोटार येऊन थांबली. साहेबांनी हॉर्न दिला. फकिरा खडू घेऊन मोटारीकडे गेला, चारही चाकं पाहिली, आणि काचेशी वाकून सलाम केला.

“साहेब, पुढचे दोन एक हायेत. मागचे दोन दोन हायेत.”

“फकिरा, मी मॅनेजर आहे.”

“व्हय साहेब. अपवाद नाय म्हणलंय, तुमच्याच सहीनं.”

मॅनेजरसाहेब काही वेळ मोटारीत बसून राहिले. मग उतरले, बॅग घेतली आणि ट्रकला वळसा घालून चालत आत गेले. बावन्न दुचाक्यांच्या मालकांनी ते पाहिलं, आणि त्या दिवशी जो तो भेटेल त्याला ते सांगत होता.

अकरा वाजता दाणे संपले. काकासाहेबांचं मशीन थांबलं, मग शेजारचं थांबलं. शेड एकदम इतकी शांत झाली की बाहेर ड्रायव्हर रेडिओ लावून बसलाय ते आत ऐकू येऊ लागलं. साडेअकराला मॅनेजरसाहेबांनी हुकूम रद्द करायचं ठरवलंही होतं, पण तेवढ्यात पुण्याहून फॅक्स आला. मुख्य ऑफिसनं या कल्पनेचं मनापासून कौतुक केलं होतं आणि सप्ताहाच्या शेवटी तपशीलवार अहवाल मागितला होता. त्यामुळे हुकुमाला फक्त एक पुरवणी निघाली: ट्रक आणि मोटारींना तो लागू नाही, दुचाकींना मात्र तो शनिवारपर्यंत कायम. पुरवणीही वैजनाथरावांनीच टाइप केली.

दुपारच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये वैजनाथरावांच्या टेबलावर कुणी बसलं नाही. ते एकटेच पोळीचे तुकडे करत होते आणि खात नव्हते.

“ह्या माणसानं सगळ्या कंपनीला कामाला लावलं,” पलीकडून कुणीतरी म्हणालं, ऐकू जाईल असं. “स्वतःला गाडी चालवता येत नाय, अन् दुसऱ्याच्या टायरची उठाठेव.”

काकासाहेबांनाही सकाळपासून तेच वाटत होतं. त्यांच्याच गाडीपासून तर हे सुरू झालं होतं, आणि लोक त्यांच्याकडे सहानुभूतीनं बघत होते. पण दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकल्यावर त्यांना ते अजिबात आवडलं नाही. “त्यांनी पुस्तकात होतं ते सांगितलं,” ते म्हणाले. “तुम्ही वाचलं असतं तर तुम्ही बी सांगितलं असतं.” एवढं बोलून ते चहाचा ग्लास घेऊन बाहेर गेले. वैजनाथरावांनी मान वर केली नाही, पण पोळीचा एक घास खाल्ला.

आता हे बोलून बसल्यावर निदान आपला टायर तरी जुळवून घ्यावा, म्हणून संध्याकाळी काकासाहेब लतीफभाईच्या दुकानात गेले. दुकान क्रांती चौकाच्या अलीकडे होतं. समोर कंपनीतल्या सोळा-सतरा गाड्या रांगेत उभ्या होत्या. लतीफभाई घामाघूम झाले होते.

“काकासाब, ये क्या लगाया तुमच्या कंपनीनं? दोन दिवसांत दुकान साफ झालं. सारथी नहीं, गजमुद्रा नहीं. भिंतीवरचं क्यालेंडर बी एकानं मागितलं.”

“पुढच्या चाकाला गजमुद्रा पाहिजे, लतीफभाई. मागच्याला जुळता.”

“उद्या जालन्याहून माल येतो म्हणतात. गाडी ठेवून जा. मी पुढचं चाक आत्ताच खोलून ठेवतो, उद्या खटपट नको.”

काकासाहेब लाकडी बाकावर बसले. लतीफभाईंनी चाक काढलं, हवा सोडली आणि लोखंडी पट्ट्या घालून टायर रिंगवरून उचकटला. मग ते थांबले. टायर उलटा करून त्यांनी दिव्याखाली धरला आणि आतून बोट फिरवलं.

“काकासाब, जरा इधर आना.”

बाहेरून टायर चांगला होता. नाल्या खोल होत्या, कडा शाबूत होत्या. पण आतून तो वीतभर चिरला होता. धाग्यांचे थर सुटले होते, आणि त्या फटीत ट्यूब फुगून आल्याची गोल खूण उमटली होती. लतीफभाईंनी ट्यूब हातात घेतली. तेवढ्या जागी ती कांद्याच्या सालीसारखी पातळ झाली होती.

“किती दिवस चाललं असतं?” काकासाहेबांनी विचारलं.

“चार दिन. नहीं तो आठ. मागचा फुटला तर माणूस गाडी सांभाळतो. पुढचा फुटला तर…” लतीफभाईंनी ट्यूब खाली ठेवली. “तुम्ही दोघं जाता ना रोज? ते चष्मेवाले साब आणि तुम्ही?”

“व्हय.”

“पैठण रोडला, ट्रकांच्या मधून. अल्लाचं शुक्र माना. अन् ज्यानं तुम्हाला टायर बदलायला लावला, त्याचं बी माना.”

काकासाहेब रिक्षानं घरी आले. जेवताना त्यांनी बायकोला, आशाबाईंना, सगळं सांगितलं. आशाबाईंनी वाढायचं थांबवून ऐकलं.

“तुमी त्यांच्यावर रागावला होता,” त्या म्हणाल्या.

“व्हय. थोडा.”

“उद्या कामावरून सुटल्या सुटल्या त्यांच्या घरी जा. सोयगावची केळी आलीत ती न्या. अन् नुसतं देऊन येऊ नका, नीट बोला.”

गुरुवारी वैजनाथराव कामावर आले नाहीत, रजा होती. संध्याकाळी काकासाहेब केळ्यांची पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेले. दार वैजनाथरावांच्या पत्नी दमयंतीबाईंनी उघडलं.

“या, या काकासाहेब. पण हे घरी नाहीत हो. वैद्यांकडे गेलेत.”

“वैद्यांकडं? काय झालं?”

“काय म्हणजे, गुडघा. तुम्हाला ठाऊक असेलच की.”

काकासाहेब केळी हातात घेऊन तसेच उभे राहिले. “मला कुठं ठाऊक?”

दमयंतीबाई गोंधळल्या. मग त्यांनी त्यांना बसवलं आणि पाणी आणून दिलं. “दोन महिने झाले, उजवा गुडघा वाकत नाही नीट. चालता येतं, पण पाय वर उचलून पलीकडे टाकता येत नाही. तुमच्या गाडीवर बसताना म्हणे रोज जीव जातो. गेल्या शनिवारी तर बसताना तोल गेला आणि पडता पडता वाचले, तुम्हाला कळलंही नाही. रविवारी दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मी म्हटलं, सांगा की काकासाहेबांना. तर म्हणाले, नऊ वर्षं त्या माणसानं मला नेलंय, आता त्याला म्हातारपण दाखवू का? आणि ऑफिसात कळलं तर घरी बसवतील, अजून दोन वर्षं आहेत नोकरीची.”

“म्हणजे ते टायरचं…”

“कसलं टायरचं?”

दमयंतीबाईंना टायरचं काही माहीत नव्हतं. काकासाहेबांनीही ते सांगितलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे एकेक गोष्ट येऊ लागली: बावन्न दुचाक्या, आडवा ट्रक, थांबलेली मशिनं, खडू घेऊन वाकलेला फकिरा, बॅग हातात घेऊन चालत निघालेले मॅनेजरसाहेब. हे सगळं एका गुडघ्यापायी. त्यांना एवढं हसू आलं की त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. आणि मग तो कांद्याच्या सालीसारखा पातळ झालेला ट्यूबचा भाग आठवला, आणि हसू गेलं. कारण काही का असेना, या माणसानं त्यांना थांबवलं होतं.

“वहिनी, एक सांगायचं होतं त्यांना,” ते उठत म्हणाले. “पण मी कंपनीतच सांगतो. एवढी केळी ठेवा.”

“मी बोलले हे त्यांना सांगू नका हं.”

“मी आलोच नव्हतो असं समजा.”

“मग केळी कुणी आणली म्हणू?”

काकासाहेब विचारात पडले. “आशाबाईंनी पाठवली म्हणा,” ते म्हणाले, आणि ते खोटंही नव्हतं.

परतताना ते लतीफभाईंकडे गेले. जालन्याचा माल आलाच नव्हता. लतीफभाई आतल्या खोलीत गेले आणि कागदात गुंडाळलेला एक टायर घेऊन आले. “हा तिसऱ्या कंपनीचा आहे, ‘नौबत’. मैंने अपनी गाडी के वास्ते ठेवला होता. तुम्ही घेऊन जा. माझी गाडी दुकानापासून घरापर्यंत चालते, तुमची पैठण रोडला.” काकासाहेब नको म्हणाले, तेव्हा लतीफभाईंनी उत्तर न देता टायर रिंगवर चढवायला घेतला. शेवटी काकासाहेबांनी फक्त फाटका जुना टायर मागून घेतला.

शुक्रवारी ते तो टायर खांद्याला अडकवून बसनं कंपनीत गेले, कारण पुढं नौबत आणि मागं गजमुद्रा असलेली गाडी फकिरानं आत घेतली नसती. कंडक्टरनं टायरचं तिकीट काढायचं का, असं विचारलं. मागच्या सीटवरचा एक म्हातारा म्हणाला की माणसाच्या आधी टायरच गावाला निघाला, हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. काकासाहेबांनी कुणालाच काही सांगितलं नाही.

दुपारी कॅन्टीन भरल्यावर ते उठले आणि तो टायर वैजनाथरावांच्या टेबलावर, डब्याशेजारी ठेवला. वैजनाथराव दचकले. सगळे बघू लागले.

“ह्ये बघा सगळ्यांनी,” काकासाहेब म्हणाले. त्यांना चारचौघांत बोलायची सवय नव्हती, म्हणून ते टायरकडे बघूनच बोलले. “भाईरून चांगला, आतून फाटलेला. लतीफभाई म्हणला, चार दिवसांत फुटला असता. मी तर मेलोच असतो, अन् मागं वैजनाथराव असते तर ते बी. त्यांनी सोमवारी मला टोकलं म्हणून चाक खोललं. मी आठवडाभर मनात त्यांना नावं ठेवली. आज त्यांचे आभार मानतो, सगळ्यांच्या समोर.”

मग एकानं येऊन फटीत बोट घातलं, मग दुसऱ्यानं. टायर टेबलाटेबलावरून फिरला. पंधरा मिनिटांत निम्मी माणसं बाहेर जाऊन आपापली चाकं चाचपू लागली. एकाच्या टायरमध्ये दोन खिळे निघाले. एकाच्या मागच्या चाकाचा नट हातानं फिरत होता. फकिराला स्वतःच्या सायकलच्या पुढच्या टायरला बोटभर फुगवटा सापडला आणि तो येऊन वैजनाथरावांच्या पाया पडायला वाकला.

वैजनाथराव अर्धमेले झाले. ज्यांनी बुधवारपासून त्यांच्याकडे पाठ केली होती ते एकेक करून येऊन हात मिळवत होते, आणि प्रत्येक हातासरशी ते खुर्चीत आणखी खाली जात होते. मॅनेजरसाहेबही येऊन पोचले. अहवालाला असाच शेवट हवा होता. त्यांनी वैजनाथरावांना दोन शब्द बोलायला सांगितलं.

वैजनाथराव टेबलाला धरून उठले. “मला एक खरं सांगायचंय,” ते म्हणाले. “मी सोमवारी जे थांबलो, ते खरं म्हणजे…”

काकासाहेबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्यांच्या मशीनवरच्या हातांच्या टाळ्या मोठ्या वाजत. बाकीचे लगेच सामील झाले, मॅनेजरसाहेबही. टाळ्या थांबेपर्यंत जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली. वैजनाथरावांनी काकासाहेबांकडे पाहिलं. काकासाहेब टायर गोळा करण्यात गुंतले होते.

शनिवारी सप्ताह संपला आणि त्याच्याबरोबर हुकूमही संपला. फलकावरचा कागद काढून वैजनाथरावांनी फाइलला लावला.

सोमवारी सकाळी सव्वासात वाजता वैजनाथराव पिशवी घेऊन बसथांब्याकडे निघाले होते. गल्लीच्या तोंडाशी कुणी नव्हतं. पण चार घरं पुढे, बंद पिठाच्या गिरणीसमोर, काकासाहेब गाडी लावून उभे होते. गिरणीला गुडघाभर उंचीचा, धान्याची पोती उतरवायचा ओटा होता. गाडी त्या ओट्याला इतकी चिकटवून उभी केली होती की ओट्यावरच्या माणसाला नुसतं बाजूला सरकलं की सीटवर बसता यावं. ओट्याच्या कडेला दोन विटा पायरीसारख्या मांडलेल्या होत्या.

“इथं का थांबलात?” वैजनाथरावांनी विचारलं.

“तुमच्या गल्लीच्या तोंडाशी खड्डा खणलाय. नळाचं काम निघालंय म्हणे. आता बरेच दिवस इथंच थांबावं लागंल.”

वैजनाथराव आत्ताच तिथून आले होते. त्यांनी मागे वळून गल्लीकडे पाहिलं. सडा घातलेला सपाट रस्ता शेवटपर्यंत दिसत होता. त्यांनी विटांकडे पाहिलं, मग ओट्याकडे. मग सवयीनं वाकून गाडीच्या चाकांकडे पाहिलं.

“पुढं नौबत,” ते म्हणाले.

“व्हय. लतीफभाईनं सोताच्या गाडीचा दिला.”

“आणि मागं गजमुद्रा.”

“व्हय.”

काकासाहेब हँडल धरून समोर बघत राहिले. वैजनाथरावांनी चष्मा काढून पुसला, तो दोनदा पुसला, आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“नौबत चांगली कंपनी आहे,” ते म्हणाले. “गजमुद्राशी जुळते तिची नक्षी.”

ते विटांवरून ओट्यावर चढले, तिथून सावकाश सीटवर सरकले, आणि काकासाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ तिथं राहिला. काकासाहेबांनी किक मारली. पूल उतरल्यावर मागून आवाज आला. इंजिनाच्या आवाजात अर्धा विरला, तरी काकासाहेबांना तो अगदी स्वच्छ ऐकू आला.

“केळी फार गोड होती, काकासाहेब. दमयंती म्हणाली, ती तुम्ही आणलीच नव्हती.”